आठशे चाळीस वेळा तेच

पियानोच्या संगीताचे एक पान आहे. एकच पान. संथ लयीत ते एकदा वाजवून संपवायला साधारण सव्वा ते दीड मिनिट लागते. त्यात ना ताल विभागणाऱ्या उभ्या रेषा, ना कोणता ओळखीचा आरंभ, ना शेवट झाल्याची खूण. या पानावर रचनाकाराने एक टीप लिहून ठेवली आहे. तिचा आशय असा की, हा तुकडा ज्याला लागोपाठ ८४० वेळा वाजवायचा असेल, त्याने आधी पूर्ण शांततेत, गंभीरपणे निश्चल बसून, आपली तयारी केलेली बरी. एवढ्या एका टिपेमुळे हे पान पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण होऊन बसले. आज जगभरची संगीतविद्यालये हा तुकडा रात्रभर वाजवितात, नर्तक आणि चित्रकार त्याच्या भोवती जमतात, आणि घरी बसलेले लोक इंटरनेटवरून तो थेट पाहतात. असा प्रयोग विद्यार्थ्यांनी करावयाचा झाला तर त्याची मांडणी कशी करावी, आणि मुळात तो करावा तरी कशासाठी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या पानाचा कर्ता एरिक साती. १८६६ साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ओंफ्लर गावी जन्मलेला हा मनुष्य १९२५ साली पॅरिसमध्ये वारला. पॅरिसच्या मोंमार्त्र भागातील मद्यगृहांत पियानो वाजवून त्याने बरीच वर्षे पोट भरले. १८९८ पासून तो शहराबाहेर आर्केय येथे एका खोलीत राही आणि तेथून पायीच पॅरिसला ये-जा करी. त्याचा स्वभाव विक्षिप्त होता, हे खरे. पण विक्षिप्तपणाच्या पडद्याआड त्याचे काम नेहमी काटेकोर असे. 'व्हेक्सेशन्स' म्हणजे 'जाच' या नावाचे हे पान त्याने १८९३ च्या सुमारास लिहिले, असा अभ्यासकांचा कयास आहे. त्याच वर्षी सुझान व्हालादाँ या चित्रकर्तीशी त्याचा सहा महिन्यांचा स्नेह जुळून तुटला होता. जाच तो हाच, असे पुष्कळांनी मानले आहे. पानावर मात्र तसे काही लिहिलेले नाही, तेव्हा आपणही तो तर्क तेवढ्यावरच सोडावा.

सातीच्या हयातीत हे पान ना छापले गेले, ना जाहीरपणे वाजविले गेले. १९४९ साली अमेरिकन रचनाकार जॉन केज पॅरिसला गेला असता सातीचा स्नेही आंरी सोगे याच्याकडे त्याला ते पाहावयास मिळाले, आणि त्याच वर्षी एका फ्रेंच नियतकालिकात त्याची हुबेहूब प्रतिकृती प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष वादनाला आणखी चौदा वर्षे लागली. ९ सप्टेंबर १९६३ रोजी सायंकाळी सहा वाजता न्यूयॉर्कच्या पॉकेट थिएटरमध्ये केजने हा प्रयोग सुरू केला, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला चाळीस मिनिटांनी संपला. म्हणजे अठरा तास चाळीस मिनिटे. वादक डझनभर होते आणि ते पाळीपाळीने बसत. त्यांत व्हायोला फार्बर ही मुळात नर्तकी. जॉन केल हा वेल्समधून नुकताच आलेला एकवीस वर्षांचा तरुण, जो पुढे रॉक संगीतात गाजला. एका पाळीचा वादक आला नाही म्हणून वृत्तान्त लिहावयास आलेल्या वर्तमानपत्राच्या टीकाकारालाच पियानोवर बसविण्यात आले! त्या वर्तमानपत्राने टीकाकारांच्याही पाळ्या लावल्या होत्या, ही आणखी एक मौज.

प्रवेशमूल्याची केजची व्यवस्था मला फार मार्मिक वाटते. तिकीट पाच डॉलरचे. दाराशी वेळ नोंदविणारे घड्याळ. जो प्रेक्षक जितका वेळ बसेल, त्याला दर वीस मिनिटांमागे पाच सेंट परत. कलेचा आस्वाद जितका अधिक घ्याल, तितकी तिची किंमत कमी व्हावी, हा त्यामागचा विचार. अठरा तास चाळीस मिनिटांत वीस मिनिटांचे छप्पन भाग पडतात, तेव्हा अखेरपर्यंत बसणाऱ्याच्या हाती दोन डॉलर ऐंशी सेंट परत यावयाचे. तसा एकच गृहस्थ निघाला. तो नट होता.

आता हे संगीत आहे तरी कसे, ते समजून घेतल्यावाचून पुढची मांडणी कळणार नाही. डाव्या हाताला खर्जात अठरा स्वरांची एक ओळ आहे. सप्तकातील बारा स्वरांपैकी अकरा तीत येऊन जातात, त्यामुळे कोणताही एक स्वर षड्ज म्हणून मनात ठरत नाही. ही ओळ आधी एकटी वाजते. मग तीच ओळ वर दोन आवाज घेऊन वाजते. मग पुन्हा एकटी. मग पुन्हा दोन आवाजांसह, पण या वेळी वरचे दोन आवाज आपसांत खाली-वर झालेले. या दोन आवाजांमधील अंतर बहुतेक ठिकाणी सा ते तीव्र मध्यम एवढे आहे. या अंतराचा गुण असा की ते उलटे केले तरी तेवढेच राहते. परिणामी दुसरे रूप पहिल्यासारखेच भासते आणि तरी तेच नसते. ऐकणाऱ्याला वाटते, आताचे काही निराळे होते. नेमके काय, ते मात्र सांगता येत नाही. त्यात भर म्हणून सातीने स्वरलेखन मुद्दाम अवघड केले आहे. एकच पट्टी एकदा एका नावाने लिहिली आहे, तर पुढे दुसऱ्या नावाने. आपल्याकडे कोणी कोमल रिषभाला 'तीव्र षड्ज' म्हणून लिहू लागला तर वाचणाऱ्याची जी तारांबळ होईल, तीच येथे पियानोवादकाची होते. म्हणून हे पान पाठ होत नाही. पाचशे वेळा वाजवूनही डोळे कागदावरच ठेवावे लागतात. माझ्या मते या रचनेचे सारे मर्म येथे आहे. हात सरावतात, मन सरावत नाही.

लय 'अतिविलंबित' असावी, एवढेच सातीने लिहिले आहे. चारही भाग मिळून एका आवर्तनात बावन्न मात्रा होतात. केजच्या प्रयोगात एका आवर्तनाला सरासरी ऐंशी सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला सुमारे ३९ मात्रा. चोवीस तासांत बसवावयाचे तर आवर्तन जवळजवळ १०३ सेकंदांचे होते आणि लय मिनिटाला तीस मात्रांवर उतरते. हा हिशेब आधीच करून ठेवावा, कारण सभागृह, वीज, पहारेकरी आणि चहा या सर्वांची व्यवस्था याच आकड्यावर ठरते.

८४० हाच आकडा सातीने का घेतला, याविषयी पुष्कळ तर्क झाले आहेत. त्यात शिरण्याचे कारण नाही. पण योजना आखणाऱ्याला हा आकडा अतिशय सोयीचा आहे. एकपासून आठपर्यंतच्या प्रत्येक आकड्याने निःशेष भाग जाणारी ही सर्वांत लहान संख्या. विद्यार्थी वीस असोत, चोवीस, अठ्ठावीस, तीस, पस्तीस किंवा बेचाळीस असोत, पाळ्या बरोबर पडतात. (जपमाळेच्या हिशेबाने सांगावयाचे तर १०८ मण्यांच्या सात माळा आणि वर चौऱ्याऐंशी मणी.) मी अठ्ठावीस विद्यार्थी घेईन. प्रत्येकाला तीस आवर्तने, म्हणजे चाळीस मिनिटे. आणि तीही दोन बैठकांत, पंधरा-पंधरा आवर्तनांची. वीस मिनिटांहून अधिक वेळ एका बैठकीत नवख्या मुलाला बसवू नये.

एकट्याने सगळे वाजविण्याचा मोह विद्यार्थ्यांना पडतो, आणि त्याला शिक्षकांनी ठामपणे नकार दिला पाहिजे. एकट्याने हे पार पाडणारे आहेत. रिचर्ड टूप याने १९६७ साली लंडनमध्ये ते केले. पण १९७० साली सिडनी येथे पीटर इव्हान्स हा वादक एकट्याने वाजवीत असता ५९५ आवर्तनांनंतर एकाएकी उठला आणि निघून गेला. आपल्या मनात दुष्ट विचार दाटू लागले, असे त्याने मागाहून सांगितले, आणि हे वाजवू पाहणाऱ्यांना धोक्याची सूचनाही दिली. उरलेली आवर्तने लिंडा विल्सन हिने पुरी केली. या प्रसंगाला भुताटकीचा रंग देण्याचे कारण नाही. निद्रानाश, एकसुरी श्रम आणि पाठ न होणारा कागद यांचा मनावर काय परिणाम होतो, एवढेच त्यातून घ्यावे. एकट्याने वाजविले की प्रेक्षकांचे लक्षही संगीतावरून उडून 'हा टिकतो की कोसळतो' इकडे वळते. तो विक्रम झाला, आणि विक्रमाला विद्यालयाची गरज नाही.

पाळ्यांनी वाजविण्याची कल्पना आपल्या माणसांना समजावून सांगावी लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीवर टेकत नाही. पहारा बदलतो, पहाटे तीनला झोपेतून उठून आलेला मनुष्य पहिल्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि नाम चालू राहते. तेथे भक्तीचा आधार असतो, येथे तसा कोणताच आधार नाही, हा भेद मोठा आहे. परंतु पहारा देण्याघेण्याची रीत मात्र तीच. आणि विद्यार्थ्याला शिकण्यासारखे जे आहे ते बरेचसे या देण्याघेण्यातच आहे.

म्हणून पाळी बदलण्याची तालीम वादनाच्या तालमीइतकीच केली पाहिजे. बाक लांब असावा, दोघे बसतील असा. उंची खाली-वर करण्याचा खेळ मध्येच करता येणार नाही, तेव्हा सर्वांना चालेल अशी एकच उंची आधी ठरवून घ्यावी. पुढचा वादक आपल्या वेळेच्या एक बैठक आधी येऊन शेजारच्या खुर्चीवर बसेल आणि आवर्तने मोजील. त्याने त्याचा कान लयीत मुरतो. मग खर्जाची ओळ एकटी वाजण्याची वेळ आली की तो बाकाच्या डाव्या टोकाला बसेल आणि ती ओळ आपल्या हाती घेईल. आधीचा वादक उजव्या बाजूने उठून जाईल. वरचे आवाज सुरू व्हायच्या आत बदल झालेला असतो. हे नीट साधले तर डोळे मिटून ऐकणाऱ्याला माणूस बदलल्याचे कळत नाही. आणि थोड्याच वेळात कळते, कारण प्रत्येकाच्या बोटांचे वजन निराळे. या दोन क्षणांमधील अंतर ऐकण्याजोगे असते. चुकीचा स्वर लागला तर थांबावयाचे नाही, मागे जावयाचे नाही, चेहऱ्यावर दाखवावयाचे नाही.

आता इतर कलांविषयी. येथेच असे प्रयोग बहुधा फसतात. पियानो कंटाळवाणा होईल या भीतीने संयोजक नृत्य, काव्यवाचन, दिव्यांचे खेळ, चित्रप्रदर्शन असे सर्व काही भोवती गोळा करतात, आणि मग पियानो हे लग्नातल्या बँडसारखे पार्श्वसंगीत होते. सातीला अनेक कला एकत्र आणणे नवीन नव्हते. १९१७ च्या 'परेड' या नृत्यनाट्यात कथा कॉक्तोची, पडदा आणि वेषभूषा पिकासोची, नृत्यरचना मासीनची आणि संगीत सातीचे होते. १९२४ च्या 'रलाश' या नृत्यनाट्याच्या मध्यंतरात रने क्लेरचा चित्रपट दाखविला गेला, आणि त्याचे संगीत सातीने दृश्यांची लांबी मोजून बसविले. या मंडळींत कोणी कोणाला सजवीत नव्हते. प्रत्येकाकडे आपापले काम होते.

हाच कस विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला लावावा. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना मी पाहुणे म्हणून बोलावणार नाही. मोजणीचे काम त्यांना देईन. एक मोठा कागद किंवा कापड घ्यावे आणि त्यावर अठ्ठावीस ओळी आणि प्रत्येक ओळीत तीस, असे चौकोन आखावेत. अठ्ठावीस गुणिले तीस, बरोबर ८४०. एका वादकाच्या वाट्याला एक ओळ. एक आवर्तन चालू असेपर्यंत एक चौकोन रंगवावयाचा, आणि आवर्तन संपले की हात उचलावयाचा, पुरा झालेला असो वा नसो. ऐंशी सेकंदांत फार काही काढता येत नाही. नेमके तेच हवे. सायंकाळच्या चौकोनांत हौस दिसेल, मध्यरात्रीनंतर रेषा सैल पडतील, पहाटेच्या सुमारास कोणीतरी नुसताच एक ठिपका ठेवील. किती आवर्तने झाली हे वादकाला मान वर करून भिंतीवर पाहता येईल, प्रेक्षकाला पाहता येईल, आणि घरी बसलेल्यालाही. दोघांचीही पाळी एकदमच बदलावी, म्हणजे वादक आणि चित्रकार यांची जोडी जमते. ज्या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम कधी जवळून पाहिलेले नाही, ते चाळीस मिनिटे एका घड्याळावर काम करतात. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठासारख्या ठिकाणी ललित कला आणि संगीत-नृत्य-नाट्य या दोन्ही विद्याशाखा नांदतात. गोव्यात तर कला अकादमीत पियानोचे शिक्षणही आहे. अशा ठिकाणी ही जोडी जमविणे कठीण नाही.

नर्तकांसाठी नियम एकच: आवाज नको. घुंगरू नकोत, पदन्यासाचा ठोका नको. एका आवर्तनात एकच हालचाल, तीही इतकी संथ की बसलेला मनुष्य आवर्तनाच्या अखेरीस उभा झालेला असावा. काव्यवाचन मात्र मी कटाक्षाने टाळीन. शब्द कानावर पडला की संगीत संपलेच. कवींना लिहावयाचे असेल तर त्यांनी फळ्यावर लिहावे आणि पुसावे.

थेट प्रक्षेपणाची गोष्ट थोडी निराळी. २०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस, साथीमुळे जगातील नाट्यगृहे बंद असताना, इगोर लेव्हिट या पियानोवादकाने बर्लिनच्या एका स्टुडिओत बसून एकट्याने हे पान ८४० वेळा वाजविले आणि ते इंटरनेटवरून जगभर दिसले. सुमारे साडेपंधरा तास लागले. प्रत्येक आवर्तनासाठी स्वतंत्र कागद होता. ज्यांची मिळकत बुडाली होती त्या कलावंतांना मदत व्हावी म्हणून ते कागद विकण्यात आले. रिकाम्या खोलीत एक मनुष्य पुन्हापुन्हा तेच करतो आहे, हे दृश्य त्या दिवसांत कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पुढे २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये तोच वादक मारिना अब्रामोविच या कलावतीच्या साथीने हे पान घेऊन लोकांसमोर बसला. दोन्ही वेळी पान तेच होते. पहिल्या वेळी प्रेक्षक खोलीबाहेर होते, म्हणून कॅमेऱ्याला अर्थ होता. सभागृह उघडे असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न संयोजकांनी स्वतःला विचारला पाहिजे. माझ्या दृष्टीने त्याचे उत्तर पहाटेच्या वेळात आहे. त्या वेळी सभागृहात दोन माणसे असतील. पण दूर गावी एखाद्या वादकाची आई जागी असेल. तिच्यासाठी ते चित्र अखंड असले पाहिजे.

अखंड हा शब्द यंत्रांच्या बाबतीत फार महाग पडतो. इंटरनेटच्या दोन निरनिराळ्या जोडण्या हव्यात, आणि वीज गेल्यास अर्धा तास तरी यंत्रे चालतील अशी सोय हवी. दिवे गेले तरी पियानोला वीज लागत नाही, म्हणून वादकाजवळ एक विजेरी ठेवावी. वादन थांबता कामा नये. ध्वनिग्राहक यंत्रात आवाज आपोआप सारखा करण्याची आणि खरखर काढून टाकण्याची जी सोय असते, ती बंद करावी. पियानोचा स्वर विरत जातो तेव्हा ते यंत्र त्यालाच खरखर समजून कापते, नाहीतर शांतता भरून काढण्यासाठी पंख्याचा आवाज मोठा करून ऐकविते. दोन कॅमेरे पुरेत: एक पट्ट्यांवर, एक त्या चौकोनांच्या कागदावर. दोन्ही स्थिर. जांभई देणाऱ्या मुलाचा चेहरा मोठा करून दाखविण्याची हौस कोणाला असेल तर त्याला कॅमेऱ्यापाशी बसवू नये. आणखी एक व्यावहारिक गोष्ट: यूट्यूबसारख्या ठिकाणी बारा तासांहून लांब प्रक्षेपण आपोआप जपून ठेवले जाईल याची हमी नसते. म्हणून चित्रण आपल्या यंत्रावर वेगळे करून घ्यावे. पाहणाऱ्यांची संख्या वादकांना दिसू देऊ नये.

रात्रीच्या व्यवस्थेविषयी मी अधिक आग्रही आहे. ज्यांनी स्वतः होऊन रात्रीची पाळी मागितली त्यांनाच ती द्यावी. पालकांना आधी कळवावे. वसतिगृहाचे दार केव्हा उघडणार, पहाटे मुलींना घरी कोण पोहोचविणार, हे कागदावर लिहिलेले असावे. विश्रांतीची खोली सभागृहापासून इतकी दूर असावी की पियानो ऐकू येणार नाही. बारा तास तेच कानी पडल्यावर झोपेतही तेच वाजत राहते. प्रत्येक पाळीला एक राखीव वादक. मध्येच कोणाला नको झाले तर त्याने उठावे, राखीव मुलाने बसावे, आणि त्याबद्दल त्याला कोणी काही विचारू नये. ही मुभा तोंडी न ठेवता नियम म्हणून आधी वाचून दाखवावी. वर्गात पहिला येणारा मुलगाच बहुधा उठावयाचे नाकारतो.

प्रेक्षकांनी यावे, जावे, पुन्हा यावे. त्यांना गप्प बसविण्याचा फार प्रयत्न करू नये. १९२० साली सातीने पॅरिसच्या एका चित्रदालनात, मॅक्स जाकोबच्या नाटकाच्या मध्यंतरात, एक निराळाच प्रयोग केला होता. घरातल्या सामानासारखे, लक्ष न देता राहू द्यावे असे संगीत त्याने वाजविवले. पण वाद्ये सुरू होताच लोक आपापल्या जागी जाऊन बसले आणि मन लावून ऐकू लागले. साती त्यांच्यामधून फिरत 'बोला, हिंडा, ऐकू नका' असे विनवीत राहिला, आणि कोणी त्याचे मानले नाही! लक्ष देऊ नका म्हटले की लोक लक्ष देतात. 'व्हेक्सेशन्स'मध्ये याच्या उलटे घडते: ऐका म्हणून बसविलेला मनुष्य विसाव्या आवर्तनाला घड्याळ पाहतो, चाळिसाव्याला उठू पाहतो, आणि तेवढ्यात टिकला तर पुढे केव्हातरी त्याला प्रथमच दोन आवर्तनांतील फरक ऐकू येऊ लागतो. केजचे ते घड्याळ आणि परतीचा पैसा आपणही ठेवण्यासारखा आहे. पन्नास रुपये तिकीट आणि दर वीस मिनिटांना आठ आणे परत म्हटले, तर अखेरपर्यंत बसणाऱ्याला अठ्ठावीस रुपये मिळतील. आठ आण्यांचे नाणे आता व्यवहारात कोणी घेत नाही, म्हणून चाळीस मिनिटांना एक रुपया द्यावा.

खर्चाविषयी एक शब्द. ज्या संस्थेत एकच चांगला पियानो आहे तिथे शिक्षक विचारतील की, शोपॅन आणि बाख शिकावयाचे सोडून हे कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर इतकेच की, शोपॅन वाजविताना विद्यार्थ्याला बहुधा आपले वादन ऐकू येते. येथे त्याला आपल्या आधीच्या विद्यार्थ्याचे वादन ऐकावे लागते आणि ते जिथे सोडले तिथून उचलावे लागते. हे शिकविणारा दुसरा तास अभ्यासक्रमात मला सापडलेला नाही. तरी वर्षाकाठी एकाहून अधिक वेळा हे करू नये, आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात मुळीच नाही.

राहिला शेवट. या संगीताला समेवर येणे ठाऊक नाही. ८४० वे आवर्तन ८३९ व्याप्रमाणेच संपते, आणि नेमके संपले केव्हा हे प्रेक्षकांना कळत नाही. न्यूयॉर्कला त्या दुपारी वादन थांबले तेव्हा 'पुन्हा एकदा!' असे कोणीतरी ओरडले होते. आपल्याकडे तर शेवटच्या दहा मिनिटांत सत्कार, पुष्पगुच्छ आणि प्रमुख पाहुण्यांचे चार शब्द यांची चाहूल लागते. ती मंडळी बाहेरच्या ओसरीवर थांबवावीत. अखेरच्या विद्यार्थ्याने हात मांडीवर घ्यावेत, चित्रकाराने शेवटच्या चौकोनावरून कुंचला उचलावा, आणि ध्वनिग्राहक आणखी दोन मिनिटे चालू ठेवावेत, म्हणजे घरी ऐकणाऱ्यांना सभागृहातील खुर्च्या सरकल्याचा आवाज ऐकू येईल. नंतर पियानो झाकून ठेवावा आणि सूर लावणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवावे. खर्जाच्या त्या पट्ट्या त्याने आधी तपासाव्यात, कारण ती ओळ त्यांच्यावर ३,३६० वेळा वाजलेली असेल.